कच्चं अर्थिंग

तो माणूस मला कधीच आवडला नाही, हे आधी सांगून टाकतो. पुढे मी त्याच्याशी जे वागलो ते चुकून झालं, गैरसमजातून झालं, असं वाचणाऱ्याला वाटू नये. मनात राग होता, संधी मिळाली, मी ती घेतली.

जुन्नरहून मढकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवत होतो. तो जुन्नरचा वायरमन. शाळेची विजेची सगळी कामं त्याच्याकडे असायची. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठाच असेल, पण मी त्याला 'अरे मिस्त्री' म्हणायचो आणि तो मला 'सर, तुमी'. आमच्याकडे तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

एकदा मी नववीला वीज शिकवत होतो आणि तो त्याच वर्गात मागच्या भिंतीवर स्टुलावर उभा राहून बोर्ड बसवत होता. मी पोरांना सांगितलं की करंट फेजच्या तारेत असतो, न्यूट्रलमध्ये नसतो, त्यामुळे न्यूट्रलला हात लागला तरी भीती नाही. मागून आवाज आला.

"सर, तेवढं पोरांना सांगू नका."

"काय सांगू नको?"

"न्यूट्रलमधनं बी करंट जातोच की. न्हाई तर दिवा लागंल कसा? आन ती मदीच कुठं तुटली, तर तिला हात लावनारा गेलाच. न्यूट्रल म्हंजी गरीब गाय न्हाई सर, लाथ मारती ती बी."

वर्ग हसला. पोटं धरून हसला. तो पुन्हा स्क्रू पिळायला लागला, जणू काही झालंच नाही. घरी जाऊन मी पुस्तक उघडलं. त्याचं बरोबर होतं. त्यामुळे राग जास्तच आला.

नवं शतक सुरू झालं आणि दोन-तीन वर्षांत आमच्या संस्थेने शाळेला आठ संगणक दिले. मी नारायणगावला तीन महिन्यांचा कोर्स केला होता, तेवढ्यावर मी 'संगणकवाले सर' झालो. नकाशे आणि लेझीम ठेवायची खोली रिकामी करून तिथे संगणक मांडले. पुढच्या रांगेत पाच, मागच्या रांगेत तीन. चपला बाहेर, खिडक्यांना जाड पडदे, किल्ली माझ्याकडे. धुळीची मला फार भीती. म्हणून निळ्या रेक्झिनची कव्हरं शिवून घेतली आणि भिंतीवर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली : 'काम होताच कव्हर घालावे.'

त्या खोलीचं वायरिंग त्याने केलं. अर्थिंगसाठी, म्हणजे गळलेला करंट जमिनीत उतरवायला, खड्डा खणायला त्याला पूर्ण दोन दिवस लागले, कारण शाळेखाली हातभर मुरूम आणि मग कातळ. त्याने जागाही विचार करून निवडली होती. पोरं हातपाय धुतात त्या नळाच्या शेजारी, म्हणजे सांडलेलं पाणी खड्ड्यात मुरत राहील आणि उन्हाळ्यातही ओल टिकेल. तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा, सगळं थराथराने भरताना तो मला बोलावून दाखवत होता. मी खिडकीतूनच मान हलवली.

काम बघायला संस्थेचे सचिव आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्त्री, ही खोली वर्षभर नीट चालली, तर आपल्या बाकीच्या शाळांतल्या खोल्याही तुमच्याच. आंबेगावातल्यासुद्धा."

त्याने ते फार मनावर घेतलं. पुढच्या आठवड्यात जुन्या स्कूटरवरून तो आंबेगावात आहुप्याच्या वाटेवरच्या संस्थेच्या शाळेपर्यंत जाऊन जमीन बघून आला. कुठे माती आहे, कुठे कातळ आहे, याची यादी खिशात घेऊन फिरायचा. लोकांच्या घरातल्या ट्यूबलाइटी बदलून आयुष्य काढलेल्या माणसाला आता संस्थेच्या सगळ्या शाळांची कामं मिळणार होती, आणि जो भेटेल त्याला तो हे सांगत होता. मला ते बघवत नव्हतं.

आता माझं सांगतो. एका रविवारच्या पुरवणीत मी वाचलं की परदेशातल्या एका विद्यापीठाला आकाशातून आलेल्या रेडिओ लहरी तपासायच्या आहेत. काम इतकं प्रचंड की त्यांनी ते जगभरच्या लोकांना वाटून द्यायचं ठरवलंय. आपल्या संगणकावर त्यांचा प्रोग्रॅम टाकायचा. फोनच्या तारेवरून आकड्यांचा एक तुकडा येतो, संगणक रिकामा असला की तो त्या तुकड्यावर गणित करत बसतो, झालं की उत्तर परत पाठवायचं. पैसे कुणी देत नाही, घेत नाही. फक्त इंटरनेटवरच्या यादीत तुमचं नाव लागतं आणि जितके तुकडे जास्त, तितकं नाव वर.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड तबकड्या एसटीतून येता-जाता मी कायम बघायचो. आपल्या तालुक्यात जगाचं विज्ञान चाललंय आणि आपण पोरांना लिटमस कागद दाखवतोय, याची मला खंत होती. त्यामुळे मी तो प्रोग्रॅम टाकला. इथवर कुणी मला दोष देणार नाही. पण मी मुख्याध्यापकांना विचारलं नाही, आणि यादीत शाळेचं नाव दिलं नाही, माझं दिलं.

मागच्या रांगेतली तीन मशीनं मी त्या कामाला जुंपली. रविवारी ऑफिसातल्या फोनची तार खोलीपर्यंत ओढून तुकडे आणायचे, उत्तरं पाठवायची. बाकी दिवस मशीनं आपली चालू. संगणकाचे तास दिवसाला दोनच असत. उरलेल्या वेळात कुणी डोकावलं तर चालू मशीन दिसू नये, म्हणून मी स्क्रीन बंद करायचो आणि वरून कव्हर घालायचो. हिरवा दिवा झाकला जायचा. माझ्याच पाटीप्रमाणे सगळं शिस्तीत.

महिनाभरात मशीनं आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागली. मी कव्हर काढावं तर समोर निळा पडदा आणि डिस्क तपासणी चाललेली. मशीन नीट बंद केलं नव्हतं, असं ते मलाच सुनावत असायचं. तासाला पोरांनी चित्र काढायला घ्यावं आणि अर्ध्यात मशीनने डोळे मिटावेत. मी मेमरीची पट्टी काढून खोडरबरने घासली. व्हायरस शोधला. एका मशीनवर सगळं पुसून नव्याने भरलं, आणि त्यावर पहिल्यांदा काय टाकलं, तर तोच प्रोग्रॅम. इतका मी हुशार.

मग सचिव एका पाहुण्यांना घेऊन खोली दाखवायला आले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मागचं एक मशीन रिस्टार्ट झालं. पाच मिनिटांनी दुसरं. सचिवांचा चेहरा उतरला. पाहुणे गेल्यावर ते मुख्याध्यापकांना म्हणाले, "हे काय आहे? मला लेखी पाहिजे."

माझ्या तोंडून त्याच क्षणी निघालं, "अर्थिंग असेल."

तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. माहीत नसताना मी त्याचं नाव घेतलं, हेही नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी तो आला. चिडलेला नव्हता. दिव्याची वायर आणि मीटर घेऊन त्याने सगळे बोर्ड तपासले. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा धरला, तो लख्ख लागला. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावलं, काटा जागचा हलेना. "बघा सर, अर्थिंग चोख हाय," तो म्हणाला.

"मग मशीनं का बंद पडतायत?"

"ते बघाया पायजे."

पुढचे चार दिवस तो बाकीची कामं टाकून त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला. शंभर पानी वहीत लिहायचा : किती वाजता, कोणतं मशीन, तेव्हा व्होल्टेज किती. वीज जायच्या वेळा ठरलेल्या होत्या, त्याही लिहिल्या. मी येता-जाता टोमणे मारत होतो.

"काय मिस्त्री, पीएच.डी. चाललीय का?"

"तुमीच शिकवा म्हनलं सर, आता वही बी घेतलीया."

चौथ्या दिवशी त्याने मुख्याध्यापकांना आणि मला बोलावलं. आदल्या दिवशी त्याने पुढच्या रांगेतलं एक मशीन मागच्या बोर्डाला आणि मागचं पुढच्या बोर्डाला लावलं होतं. रोग बोर्डाबरोबर राहिला नव्हता, मशीनबरोबर पुढे आला होता.

"दोष वायरिंगमदी असता, तर ह्या बोर्डाला लावलेली कुठली बी मशीन पडली असती," तो म्हणाला. "ही बगा वही. पुढची पाच एकदा बी न्हाई पडली. मागची तीनच पडत्यात. आन मज्जा म्हंजी, पोरं मागच्या मशिनींवर कमी बसत्यात. जी कुनी वापरत न्हाई तीच दमती. हे कसं?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.

त्याने एका मशीनवरचं कव्हर उचललं आणि आत पत्र्यावर हात ठेवला. झटकन मागे घेतला. "हे बगा. झाकलेली, स्क्रीन बंद, आन तव्यावानी तापलीय. आत काय शिजाया ठिवलंय का सर?"

तेव्हा मला कळलं. एका क्षणात सगळं लख्ख कळलं. माझा प्रोग्रॅम मशीनला एक क्षणही विश्रांती देत नव्हता. त्यामुळे ते तापत होतं, आणि वर मी त्याला रेक्झिनची गोधडी पांघरत होतो. पंखा आतलीच गरम हवा फिरवत होता. ताप सहन होईना की मशीन स्वतःला वाचवायला बंद पडत होतं. एवढंच होतं. पोरालाही कळलं असतं.

मी म्हणालो, "तू तुझं वायरिंग बघ. मशीनच्या आतलं तुला काय कळतं? शिक्षण किती तुझं?"

"सातवी. पन हात भाजला की सातवीवाल्याला बी कळतं."

"करंट लीक झाला की मशीन तापतंच. अर्थिंग कच्चं असलं की हेच होतं."

"कच्चं?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "सर, तुमी विज्ञानाचं हाय. असं बोलू नका. तुमच्या तोंडाला सोभत न्हाई."

मुख्याध्यापक साधे गृहस्थ होते, त्यांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी हात वर केले. "सर, तुम्ही विज्ञानाचे. तुम्हीच लिहून द्या, मी सही करतो."

मी लिहून दिलं. त्या वाक्याचा शब्दन् शब्द मला पाठ आहे : 'संगणक कक्षातील अर्थिंग सदोष असल्याने संगणक वारंवार बंद पडत आहेत, असे प्रत्यक्ष तपासणीत माझ्या निदर्शनास आले आहे.' माझा प्रोग्रॅम उघडा पडला असता, तर परवानगी नाही, स्वतःचं नाव, शाळेची वीज, शाळेचा फोन, सगळं बाहेर आलं असतं. पण फक्त भीतीपोटी केलं म्हणणं खोटं होईल. तो स्टुलावरून बोलला होता तेव्हा हसलेली पोरं मला अजून ऐकू येत होती.

पुढचं याहून वाईट आहे. संस्थेने मंचरहून दुसरा वायरमन आणला. त्याने जुनं अर्थिंग सोडून शाळेच्या मागे नवा खड्डा घेतला. ज्या दिवशी नवी तार जोडली, त्याच दिवशी मी तिन्ही मशीनांवरचा प्रोग्रॅम पुसून टाकला आणि कव्हरांची शिस्त बदलली : तास चालू असलेल्या दिवसांत मशीनं उघडी, कव्हर फक्त सुट्टीत. अर्थातच एकही मशीन पुन्हा पडलं नाही. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, बघा, सरांनी बरोबर ओळखलं होतं. मी लिहिलेल्या खोट्याला मीच पुरावा तयार करून दिला, आणि त्यावर मिळालेली शाबासकी चहाबरोबर घेतली.

आंबेगावच्या शाळा मंचरवाल्याकडे गेल्या. एवढ्यावर थांबलं असतं, तर कदाचित मीही विसरलो असतो. पण आमच्याकडे माणसाला एकदा नाव पडलं की ते सुटत नाही. आमच्याच शिपायाने बाजारात गोष्ट सांगितली आणि जुन्नरमध्ये त्याला लोक 'कच्चं अर्थिंग' म्हणायला लागले. "काय राव कच्चं अर्थिंग, आज कुनाच्या घरी जाळ लावनार?" मी हे कानांनी ऐकलंय, भाजी घेताना. तो तसाच पुढे गेला. मी वांगी निवडत राहिलो.

अशा नावाच्या माणसाला नव्या घराचं वायरिंग कोण देईल? त्याने आपलं विजेच्या सामानाचं दुकान बंद केलं आणि घराच्या पुढच्या खोलीत इस्त्र्या आणि मिक्सर दुरुस्त करू लागला. मी निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात कुणीतरी माझ्या 'वैज्ञानिक दृष्टिकोना'चं कौतुक केलं. मी शाल घेतली आणि खाली बसलो.

त्याच्या घरी जायला मला इतकी वर्षं लागली, याचं कारण देत नाही. कारण नाहीच. मी घाबरट आहे.

दार त्यानेच उघडलं. केस पांढरे, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. मी उभ्यानेच सांगून टाकलं : प्रोग्रॅम, कव्हर, रिपोर्ट, सगळं. शेवटी म्हणालो, "तुमचं अर्थिंग चोख होतं. मी तुमची माफी मागायला आलोय."

"आज 'तुमी' झालो व्हय मी?"

मी मान हलवली.

"मला म्हाईत व्हतं," तो म्हणाला. "हात लावला तवाच कळलं, आत तुमचं कायतरी चाललंय. काय ते ठावं नव्हतं, पन तुमचं हाय हे कळलं. तुमचं तोंड बघून."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"कुनाला बोलू? कोन ऐकनार व्हतं? सातवीवाल्याचं, का सरांचं?" त्याचा आवाज चढला नाही, पण शेजारच्या ओट्यावरची बाई उठून आत गेली. "माफी-बिफी नगं मला. तवा लिहून दिलं व्हतं न्हवं? आता बी लिहून आना. माझं नाव घालू नका त्यात, माझं नाव त्या शाळंशेजारी पुन्यांदा नगं. अर्थिंगचं लिवा."

चार दिवसांनी मी एक पान लिहून नेलं. त्याने हातात घेतलं नाही.

"वाचा."

मी आत जायला लागलो.

"आत न्हाई. हितं. पायरीवर."

मी पायरीवर उभा राहून वाचायला लागलो. गल्लीत माणसं येत-जात होती. मी आवाज हळू ठेवला.

"मोठ्यानं, सर. एवढं आयुष्य ऱ्हायलं न्हाई माझ्याकडं तुमचं पुटपुटनं ऐकाया."

समोरून त्याच्याच वयाचा एक गडी सायकल ढकलत येत होता. त्याने आवाज दिला, "काय रे कच्चं अर्थिंग, मास्तर काय वाचून दावतोय? पोलिसाची नोटीस आली का काय?"

"हितं ये," तो म्हणाला. "तुज्यासाठीच वाचत्यात. सर, पयल्यापासनं."

मी पहिल्यापासून वाचलं. सायकलवाला आधी हसत होता. 'संगणक माझ्या कृतीमुळे तापत होते आणि हे मला ठाऊक असताना मी अर्थिंग सदोष असल्याचे लिहिले' इथे आल्यावर त्याचं हसू गेलं. आणखी दोघे-तिघे थांबले. एकाने मला विचारलं, "म्हंजी तुमी म्हाईत असून लिवलं?" मी हो म्हणालो. त्याने "शिकलेली मानसं" एवढंच म्हटलं आणि बाजूला थुंकला.

सायकलवाला त्याच्याकडे बघून म्हणाला, "आमी तर उगाच चेष्टेनं..."

"चेष्टाच व्हती ती," तो म्हणाला. "मी काय म्हनलो का कवा?"

मला कुणी चहा विचारला नाही. बस म्हणालं नाही. मी कागद पुढे केला तेव्हा त्याने तो परत माझ्याकडे ढकलला.

"हा शाळंत द्या. जिथं पयला दिला, तिथंच. आन पोच आना. शिक्क्याची. ती आनल्याबिगर ह्या पायरीवर येऊ नका."

शाळेत आता सगळे नवे होते. सचिव वारले, जुने मुख्याध्यापकही राहिले नाहीत. नवे मुख्याध्यापक कागद वाचून म्हणाले, "सर, आता याचा काय उपयोग? ती खोलीसुद्धा पाडली. तुम्ही घरी जा, आराम करा." मी म्हणालो, आवक करून घ्या आणि पोच द्या. ते म्हणाले, उगाच संस्थेची बदनामी. मी त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसून राहिलो. मधल्या सुट्टीची घंटा झाली, सुट्टी संपल्याची झाली. शेवटी त्यांनी वैतागून लेखनिक बाईंना हाक मारली.

बाईंनी आवक रजिस्टर उघडलं. क्रमांक टाकला, तारीख टाकली, आणि पेन थांबवून मला विचारलं, "विषय काय लिहू?"

मी सांगितलं, 'अर्थिंग निर्दोष असल्याबाबत'. त्यांनी पहिला शब्द 'अर्जिंग' लिहिला. मी तो दुरुस्त करून घेतला.

पोच घेऊन मी त्याच दुपारी जुन्नरला गेलो. तो दारातच इस्त्री खोलून बसला होता. त्याने हात पुसले, कागद चांगल्या डोळ्याजवळ नेला, शिक्का बघितला, तारीख बघितली. मग घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

"जा आता," म्हणाला, आणि इस्त्रीत डोकं घातलं.